स्तंभ, समिती आणि कादंबरी : विनिफ्रेड होल्टबीची कहाणी

लेखकाने लिहावे की समाजाचे काम करावे, हा वाद आपल्या साहित्य संमेलनांच्या मांडवात दरवर्षी नव्याने रंगतो. एक बाजू म्हणते, समाज अडाणात आणि गरिबीत असताना कथा-कादंबऱ्या लिहीत बसणे ही चैन आहे. दुसरी बाजू म्हणते, मोर्चे, निवेदने आणि वर्तमानपत्री लेख यांत ज्याची उमेद खर्ची पडते, त्याच्या हातून टिकाऊ लेखन होत नाही. आपल्यातले कितीतरी लेखक या दोन दगडींवर पाय ठेवून उभे आहेत. दिवसा शाळा किंवा कचेरी, संध्याकाळी कुणाचा तरी दाखला, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाच्या बहिणीचा तलाकचा प्रश्न. आणि रात्री उरलेल्या तासाभरात कलम. अशा लेखकाला आपण अर्धवट राहिलो अशी खंत वाटते. ही खंत आयुष्यभर बाळगलेल्या एका इंग्रज बाईची ओळख आम्ही या लेखात करून देणार आहोत. तिचे नाव विनिफ्रेड होल्टबी. ती कादंबरीकार होती, स्तंभलेखिका होती आणि चळवळीतली कार्यकर्तीही होती. अवघ्या ३७व्या वर्षी ती गेली. मराठीत तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

शेतकऱ्याची मुलगी

विनिफ्रेडचा जन्म २३ जून १८९८ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील यॉर्कशायर परगण्यात रडस्टन या खेड्यात झाला. तिचे वडील डेव्हिड होल्टबी हे सधन शेतकरी होते. आई अ‍ॅलिस ही हुशार, करारी आणि घरातल्या सगळ्या कारभाराची सूत्रे हाती ठेवणारी बाई होती. मुलगी लहानपणी कविता रचते हे पाहून या आईने तिच्या नकळत त्यांचे पुस्तक छापून घेतले. ते साल होते १९११ आणि लेखिकेचे वय होते १३. त्या काळी शेतकऱ्याच्या घरात मुलीचा असा सन्मान क्वचितच होत असेल.

पुढे तिला स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी मुलींच्या शाळेत पाठवले. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी या गावावर तोफा डागल्या, तेव्हा ती तिथेच होती. शाळेतल्या मुली सकाळच्या वेळी रस्त्याने गावाबाहेर पळाल्या. या प्रसंगाची तिने लिहिलेली हकिकत वर्तमानपत्रात छापून आली. तिच्या पत्रकारितेची सुरुवात इथे झाली असे म्हणायला हरकत नाही.

१९१७ साली तिला ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या मुलींच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पण घरोघरचे तरुण खंदकांत मरत असताना आपण पुस्तके वाचीत बसावे हे तिला पटले नाही. १९१८ मध्ये ती लष्कराच्या महिला साहाय्यक दलात भरती होऊन फ्रान्सला गेली. तिथे तिच्याकडे दलातल्या मुलींच्या वसतिगृहाची देखरेख होती. शेतकऱ्याच्या घरातून आलेली ही उंच, सोनेरी केसांची मुलगी कारखान्यांतून आणि घरकामांतून आलेल्या मुलींबरोबर राहिली. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ती ऑक्सफर्डला परतली.

त्याच वर्षी घरीही मोठी उलथापालथ झाली होती. महायुद्धानंतर शेतमजूर संघटित होऊन वाढीव मजुरी मागू लागले. वडिलांना हा नवा जमाना मानवला नाही. त्यांनी शेती विकली आणि कुटुंब हल शहराजवळच्या कॉटिंगहॅम या गावी राहायला गेले. विनिफ्रेडचे मन यात दुभंगले. मजुरांची मागणी रास्त आहे हे तिच्या बुद्धीला कळत होते आणि वडिलांचे दुःखही तिला दिसत होते. तिची पहिली कादंबरी ‘अँडर्बी वोल्ड’ १९२३ साली आली, ती याच दुखण्यातून. त्यात जमीन जिवापाड जपणारी मालकीण आहे आणि मजुरांना संघटनेची भाषा शिकवणारा तरुणही आहे. लेखिका दोघांनाही आपले मानते. विरोधी पक्षाच्या माणसालाही पूर्ण माणूस म्हणून उभे करण्याची ही सवय तिने पुढे कधी सोडली नाही.

व्हेरा आणि लंडन

ऑक्सफर्डला तिची गाठ व्हेरा ब्रिटनशी पडली. व्हेराने युद्धात जखमींची शुश्रूषा केली होती. तिचा वाग्दत्त वर, तिचा एकुलता एक भाऊ आणि दोन जिवलग मित्र या युद्धाने गिळले होते. सुरुवातीला दोघींचे जमले नाही. कॉलेजच्या एका वादसभेत विनिफ्रेडने आपली फजिती केली असे व्हेराला वाटले आणि ती दुखावली गेली. पण पुढे या दोघींची जी मैत्री जुळली ती मृत्यूपर्यंत तुटली नाही. स्त्रियांना ऑक्सफर्डची पदवी मिळू लागली ती १९२० पासून. १९२१ साली या दोघी पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि लंडनला बिऱ्हाड करून लेखणीवर पोट भरू लागल्या.

१९२५ मध्ये व्हेराचे लग्न झाले. त्यानंतरही विनिफ्रेड बहुतेक काळ त्याच घरात राहिली. व्हेराची मुले तिला मावशीसारखी मानत. त्यांतली धाकटी शर्ली पुढे मजूर पक्षाच्या सरकारात मंत्री झालेल्या शर्ली विल्यम्स. व्हेरा आपले युद्धकाळाचे आत्मचरित्र लिहीत होती, तेव्हा घर आणि मुले सांभाळायला विनिफ्रेड धावून जाई. ते पुस्तक १९३३ साली ‘टेस्टामेंट ऑफ यूथ’ या नावाने निघाले आणि गाजले.

लेखिकेला स्वतःची खोली आणि स्वतःचे उत्पन्न हवे, हा व्हर्जिनिया वुल्फचा १९२९ चा सिद्धांत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वुल्फवर इंग्रजीतला पहिला पुस्तकभर समीक्षाग्रंथ विनिफ्रेडने १९३२ मध्ये लिहिला. वुल्फने मात्र खाजगी पत्रांतून या शेतकऱ्याच्या मुलीची थोडी टवाळी केली. विनिफ्रेडला उत्पन्न होते, ते तिने स्वतः कमावलेले होते; पण जिचे दार लावून घेता येईल अशी खोली तिला क्वचितच मिळाली. दारावर कोणी ना कोणी उभे असे. कुणाला नोकरी हवी असे, कुणाला हस्तलिखित वाचून हवे असे, कुणाला नुसते रडायचे असे. ती कुणालाही परत पाठवत नसे.

स्तंभ म्हणजे काय काम

लेडी ऱ्होंडा या धनाढ्य आणि लढाऊ बाईने १९२० मध्ये ‘टाइम अँड टाइड’ नावाचे साप्ताहिक काढले. त्याचा सगळा कारभार स्त्रियांच्या हाती होता. विनिफ्रेड त्यात लिहू लागली आणि १९२६ साली, वयाच्या २८व्या वर्षी, त्याच्या संचालक मंडळावर गेली. याशिवाय ‘मँचेस्टर गार्डियन’, ‘यॉर्कशायर पोस्ट’, ‘न्यूज क्रॉनिकल’ यांतून ती लिहीत असे. ‘स्कूलमिस्ट्रेस’ या शिक्षिकांच्या नियतकालिकातही तिचे नियमित लेखन असे. विषय कोणताही चालत असे. बेकारी, नि:शस्त्रीकरण, आफ्रिका, नाटके, नव्या कादंबऱ्या, तयार कपडे आणि स्वयंपाकघरातले कष्टसुद्धा.

आज हे लेख वाचताना लक्षात येते की ती रागावून लिहीत नसे. विनोद हे तिचे मुख्य हत्यार होते. समोरच्याचा युक्तिवाद ती त्याच्यापेक्षा चांगला मांडून दाखवी आणि मग एखाद्या साध्या उदाहरणाने त्यातली पोकळी उघडी पाडी. त्या काळी स्त्रीने लग्न केले की बहुतेक ठिकाणी तिची शिक्षिकेची नोकरी जाई. ही बंदी कायद्याने उठली ती १९४४ च्या शिक्षण कायद्याने, म्हणजे विनिफ्रेडच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. या बंदीविरुद्ध ती वर्षानुवर्षे लिहीत राहिली.

मताधिकाराचेही तसेच. १९१८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ३० वर्षांवरील आणि ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रियांनाच मत मिळाले होते. पुरुषांप्रमाणे २१व्या वर्षी मत द्यायचा हक्क स्त्रियांना मिळाला तो जुलै १९२८ मध्ये. विनिफ्रेडला नुकतीच ३० वर्षे पुरी झाली होती. जी बाई देशाच्या धोरणावर अग्रलेख लिहीत होती, तिला तोवर मतपेटीपर्यंत जाता येत नव्हते. पुढच्याच वर्षी निवडणूक आली, तेव्हा तिने नव्या मतदारांसाठी सर्व पक्षांचे कार्यक्रम समजावून सांगणारी एक पुस्तिका लिहिली. हक्क मिळाला तरी तो वापरायची तालीम द्यावी लागते, हे तिला ठाऊक होते.

लेडी ऱ्होंडाने १९२१ साली स्थापन केलेल्या ‘सिक्स पॉइंट ग्रुप’मध्येही विनिफ्रेड काम करी. नावाप्रमाणे या गटाच्या मागण्या सहा होत्या. बालकांवरील अत्याचारांविरुद्ध कडक कायदा, विधवा मातांना साहाय्य, अविवाहित माता व तिच्या मुलाला संरक्षण, अपत्यांच्या पालकत्वात आईला बापाइतका हक्क, शिक्षिकांना शिक्षकांइतका पगार आणि सरकारी नोकऱ्यांत समान संधी. आपल्यापैकी ज्यांनी स्त्रियांच्या प्रश्नांवर काम केले आहे त्यांना ही यादी परकी वाटणार नाही. यातल्या काही मागण्या थोड्या वर्षांत मान्य झाल्या. शिक्षिकांना पूर्ण समान पगार मिळायला मात्र १९६१ साल उजाडावे लागले.

स्त्रीवादाविषयी तिचे म्हणणे सरळ होते. हा शब्दच एक दिवस अनावश्यक व्हावा म्हणून मी तो वापरते, असा तिचा रोख असे. स्त्रीला स्त्री म्हणून वेगळे मखर नको. तिच्यातल्या माणसाला काम करू द्या, एवढीच मागणी होती. १९३४ मध्ये आलेल्या ‘वीमेन अँड अ चेंजिंग सिव्हिलायझेशन’ या पुस्तकात तिने दाखवून दिले की जर्मनीत आणि इटलीत हुकूमशाही आली, तशी तिने सर्वांत आधी स्त्रियांना चुलीकडे परत ढकलले. खुद्द इंग्लंडमध्ये ऑस्वाल्ड मोस्ली आपले काळे डगलेवाले घेऊन मिरवत होता, त्या काळात हे लिहिलेले आहे.

दक्षिण आफ्रिकेतले पाच महिने

१९२६ च्या सुरुवातीला राष्ट्रसंघाच्या कल्पनेचा प्रचार करण्यासाठी विनिफ्रेड दक्षिण आफ्रिकेत व्याख्याने द्यायला गेली. तिथे तिचा सुमारे पाच महिने मुक्काम झाला. या देशाशी आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे नाते आहे. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला जाऊन वसले, त्यांची वस्ती आजही तिथे आहे. तेव्हा रंगभेदाचे ते कायदे आपल्या काही घरांच्या आठवणीतलेही आहेत. विनिफ्रेडच्या लेखनाचा विषय प्रामुख्याने आफ्रिकी कामगार होता. ती तिथे होती त्याच वर्षी खाणींतली कौशल्याची कामे कृष्णवर्णीयांना बंद करणारा ‘कलर बार’ कायदा झाला.

गोऱ्या यजमानांच्या घरी जेवताना तिला जे ऐकू येई ते तिच्या ओळखीचे होते. या लोकांना अजून समज नाही, मत देऊन त्यांचेच नुकसान होईल, ते आपल्या जागी सुखी आहेत, त्यांच्या वतीने आम्ही विचार करतोच. तिच्या ध्यानात आले की इंग्लंडमध्ये स्त्रियांना मत नाकारताना हेच बोलले जात होते. वाक्यातले फक्त नाव बदलले होते. ज्याने स्वतः हे वाक्य सोसले आहे, त्याला ते दुसऱ्याच्या वाट्याला आले तर ओळखू यायला हवे. हा धडा तिने तिथे घेतला आणि तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही. आम्हाला तिच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अन्याय सोसलेली माणसे दुसऱ्यांचा अन्याय आपोआप ओळखतात असे नाही. पुष्कळदा ती आपल्याच जखमेभोवती कुंपण घालतात.

तिथे क्लेमेंट्स कडाली या नेत्याने १९१९ मध्ये कृष्णवर्णीय कामगारांची ‘इंडस्ट्रियल अँड कमर्शियल वर्कर्स युनियन’ उभी केली होती. १९२७ च्या सुमारास तिचे सभासद एक लाखावर गेल्याचे सांगितले जाई. संघटना वाढली, पण हिशेब आणि कारभार यांची घडी बसली नव्हती. विनिफ्रेडने लंडनला परतल्यावर ब्रिटिश कामगार चळवळीतले आर्थर क्रीच जोन्स यांच्याशी या लोकांची गाठ घालून दिली. सल्लागार म्हणून विल्यम बॅलिंजर हा स्कॉटिश कामगार कार्यकर्ता १९२८ मध्ये तिकडे रवाना झाला. त्याच्या खर्चासाठी विनिफ्रेडने मित्रमंडळींकडून वर्गणी गोळा केली आणि स्वतःच्या लेखनाच्या मिळकतीतलाही हिस्सा घातला.

याचा शेवट गोड झाला असे आम्ही म्हणणार नाही. युनियनमध्ये फूट आधीच पडू लागली होती. बॅलिंजर आणि कडाली यांचे पटले नाही. १९२९ च्या आरंभी कडाली बाहेर पडला आणि थोड्याच काळात ती बलाढ्य संघटना विस्कटली. समुद्रापलीकडून पाठवलेल्या गोऱ्या सल्लागाराने कृष्णवर्णीयांच्या संघटनेची घडी बसवावी, या कल्पनेतच वडीलकीचा दोष होता, असे पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी म्हटले आहे आणि त्यात तथ्य आहे. पण विनिफ्रेडने अपयश दिसताच हात झटकले नाहीत. ती बॅलिंजरच्या कामासाठी मरेपर्यंत पैसे जमवत राहिली, लिहीत राहिली. ‘मंडोआ, मंडोआ!’ या १९३३ च्या कादंबरीत तिने एका काल्पनिक आफ्रिकी राज्यात पाय रोवू पाहणाऱ्या इंग्रज पर्यटन कंपनीची कथा रंगवली. तिथे सुधारणा करायला गेलेल्या गोऱ्यांना, आणि त्यांच्यातल्या सद्भावी लोकांनाही, तिने सोडलेले नाही. आपल्याच पक्षाच्या माणसांवर हसता येणे ही मोठी कमाई असते.

आजार आणि ‘साउथ रायडिंग’

१९३१ मध्ये तिची तब्येत प्रथम कोसळली. पुढे निदान झाले ते मूत्रपिंडाच्या विकाराचे. त्या काळी त्याला ब्राइट्स डिसीझ म्हणत आणि त्यावर इलाज नव्हता. डॉक्टरांनी तिला फार तर दोन वर्षांची मुदत दिली असे सांगतात. ही गोष्ट तिने बहुतेकांपासून लपवून ठेवली आणि कामाचा वेग वाढवला.

आता तिच्या मनात शेवटच्या पुस्तकाचा आराखडा होता. तिची आई अ‍ॅलिस १९२३ पासून ईस्ट रायडिंगच्या काउंटी कौन्सिलमध्ये निवडून आलेली सभासद होती. पुढे ती तिथली पहिली स्त्री आल्डरमन झाली. आल्डरमन म्हणजे सभासदांनीच निवडलेला ज्येष्ठ सभासद. आईच्या घरी कौन्सिलच्या बैठकांची इतिवृत्ते येत. रस्ते, पूल, शाळा, वेड्यांची इस्पितळे, गरिबांना मदत, क्षयरोग्यांची व्यवस्था. ही रुक्ष कागदपत्रे मुलगी चाळू लागली आणि तिला त्यांत माणसे दिसू लागली. एका ठरावाने कुणाच्या दारातून रस्ता जातो, कुणाची मुलगी शाळेला मुकते, कुणाची जमीन एका रात्रीत सोन्याची होते.

यॉर्कशायरचे पूर्वीपासून तीन भाग होते, पूर्व, पश्चिम आणि उत्तर. तिने चौथा, दक्षिण भाग कल्पनेने निर्माण केला आणि कादंबरीला त्याचेच नाव दिले, ‘साउथ रायडिंग’. कादंबरीचे आठ विभाग आहेत आणि त्यांना कौन्सिलच्या कामकाजाची नावे आहेत. शिक्षण, रस्ते व पूल, शेती, सार्वजनिक आरोग्य, गरिबांना साहाय्य, मनोदुर्बलता, अर्थ, घरबांधणी. आपल्या जिल्हा परिषदेच्या विषय समित्या नजरेसमोर आणाव्यात आणि त्यांच्या नावांनी कादंबरीची प्रकरणे पाडावीत, तसे हे आहे.

सारा बर्टन ही लोहाराची मुलगी शिकून मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन येते. तिला सगळे बदलायचे आहे. रॉबर्ट कार्न हा जुन्या घराण्यातला जमीनदार कौन्सिलर तिच्या प्रत्येक योजनेला विरोध करतो. त्याची बायको मनोरुग्ण आहे आणि तिच्या खाजगी इस्पितळाचा खर्च भागवता भागवता त्याची शेती बुडते आहे. सारा त्याच्याच प्रेमात पडते, आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. हगिन्स हा कौन्सिलर रविवारी धर्मावर प्रवचने देतो, आणि नव्या वसाहतीची जागा ठरण्याआधी तिथली जमीन स्वस्तात घेण्याच्या भानगडीत अडकतो. जोसेफ अ‍ॅस्टेल हा समाजवादी कार्यकर्ता क्षयाने पोखरला आहे. आणि बहात्तरीची मिसेस बेडोज, आल्डरमन, सगळ्यांना सांधून ठेवते. तिच्यात आईचा चेहरा स्पष्ट आहे.

पण कादंबरीचे काळीज आहे लिडिया हॉली ही मुलगी. समुद्रकाठी जुन्या रेल्वे डब्यांतून आणि पत्र्याच्या खोपटांतून राहणाऱ्या गरिबांच्या वस्तीत ती वाढते. डोके तल्लख. तिला शिष्यवृत्ती मिळते आणि ती साराच्या शाळेत येते. घरी मात्र भावंडांची रांग आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे. आणखी एक बाळंतपण आईला झेपणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक आहे. आई मरते. थोरली म्हणून लिडियाला शाळा सोडून चूल आणि मुले सांभाळायला बसावे लागते. त्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दर हजार बाळंतपणांमागे चारहून अधिक माता दगावत. हे आकडे विनिफ्रेड आपल्या लेखांच्या निमित्ताने पाहत आली होती. कादंबरीत त्या आकड्यातली एक बाई मरते आणि तिच्यामागे एका मुलीची शाळा मरते.

लिडियाची सुटका कशी होते हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. शिक्षण समिती आहे, आरोग्य समिती आहे, साहाय्य समिती आहे, पण तिला शाळेत परत आणते ती तिच्या बापाशी लग्न करायला तयार झालेली एक विधवा. घर सांभाळायला बाई आली, म्हणून मुलगी सुटली. लेखिका कौन्सिलची आरती ओवाळत नाही. सार्वजनिक कामावर तिचा विश्वास होता आणि त्याच्या मर्यादाही तिला माहीत होत्या. म्हणून या कादंबरीत पूर्ण खलनायक नाही आणि पूर्ण साधूही नाही. भ्रष्ट माणसाच्या हातून एखादे चांगले काम होते आणि चांगल्या माणसाच्या हट्टाने नुकसान होते.

हे सगळे तिने लंडनच्या गजबजाटापासून दूर, विदर्नसी आणि हॉर्नसी या समुद्रकाठच्या गावांत भाड्याने जागा घेऊन १९३४-३५ मध्ये लिहिले. डोकेदुखीने डोळे उघडवत नसत, रक्तदाब वाढलेला असे. मधूनच व्हेराच्या घरी अडचण आली की लेखन टाकून ती लंडनला धावे. कादंबरी पुरी झाली आणि २९ सप्टेंबर १९३५ रोजी लंडनमध्ये ती वारली. रडस्टनच्या चर्चच्या आवारात तिला पुरले आहे. कबरीवर उघड्या पुस्तकाच्या आकाराचा दगड आहे.

मागे राहिले ते

पुस्तक छापायला तिच्या आईचा विरोध होता. कौन्सिलमधले लोक स्वतःला ओळखतील, चर्चा होईल, अशी तिला धास्ती होती. विनिफ्रेडने पुस्तकाच्या आरंभी आईला उद्देशून एक पत्र जोडले आहे. त्यात तिने स्थानिक कारभाराला गरिबी, आजार आणि अज्ञान यांविरुद्ध समाजाने उभारलेली पहिली फळी मानले आहे. इतका गौरव करणारे पत्र असूनही आईची धास्ती गेली नाही. व्हेराकडे तिच्या साहित्याची व्यवस्था होती. तिने धीराने आणि थोड्या हिकमतीने पुस्तक पार पाडले. ‘साउथ रायडिंग’ १९३६ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला त्या वर्षाचा जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार मिळाला. १९३८ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, १९७४ आणि २०११ मध्ये दूरदर्शन मालिका झाल्या. व्हेराने १९४० साली ‘टेस्टामेंट ऑफ फ्रेंडशिप’ लिहून मैत्रिणीचे चरित्र सांगितले.

तिच्या मृत्यूनंतरच्या पुस्तकांचे उत्पन्न तिच्या इच्छेप्रमाणे सॉमरव्हिल कॉलेजात शिकणाऱ्या स्त्रियांच्या शिष्यवृत्तीकडे गेले. म्हणजे कादंबरीतल्या लिडियाने प्रत्यक्षातल्या मुलींची फी भरली. तिकडे जोहान्सबर्गच्या वेस्टर्न नेटिव्ह टाउनशिपमध्ये १९४० साली तिच्या नावाने कृष्णवर्णीयांसाठी ग्रंथालय उघडले. ज्या शहरात त्यांना सार्वजनिक वाचनालयाची दारे बंद होती, तिथे हे घडले. पुढे रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरने प्रादेशिक कादंबरीसाठी तिच्या नावाचे पारितोषिक ठेवले. १९८२ मध्ये ते काझुओ इशिगुरो या तरुण लेखकाला मिळाले. पुढे २०१७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. विनिफ्रेड स्वतः या दुविधेत होती. आपण ना धड कलावंत झालो ना धड सुधारक, असे ती मित्रांना बोलून दाखवी. पहिल्या चार-पाच कादंबऱ्यांपुरते पाहिले तर तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्या वाचनीय आहेत, पण घाईत लिहिल्याच्या खुणा त्यांवर आहेत. लेखांना आणि सभांना दिलेला वेळ तिने कादंबरीला दिला असता तर, असे म्हणणारे टीकाकार तेव्हा होते आणि आजही आहेत.

आम्हाला वाटते, ‘साउथ रायडिंग’ हे त्याला उत्तर आहे. ती कादंबरी बंद खोलीत बसून सुचण्यासारखी नव्हती. बाळंतपणातल्या मृत्यूंवर लेख लिहिल्याशिवाय मिसेस हॉली तिला दिसली नसती. शिक्षिकांच्या पगारासाठी भांडल्याशिवाय सारा बर्टन उभी राहिली नसती. आफ्रिकेतला फसलेला प्रयोग सोसल्याशिवाय, सद्हेतूने केलेल्या कामाचेही काय होते याची जाण अ‍ॅस्टेलमध्ये आणि मिसेस बेडोजमध्ये उतरली नसती. पंधरा वर्षे जी कामे तिला कादंबरीपासून दूर नेत होती, त्यांनीच अखेर तिला कादंबरी दिली. हे खरे असले तरी त्याची किंमतही मोजली पाहिजे. ती शरीराने मोजली गेली, आणि आणखी दहा वर्षे मिळाली असती तर काय लिहिले असते हे आता कुणालाच कळणार नाही. एकीच्या खांद्यावर इतक्यांनी ओझे ठेवावे का, हा प्रश्न तिच्या भोवतालच्यांना विचारायला हवा होता. तो आपल्याकडेही विचारायला हवा, कारण आपल्या घराघरांत अशा बाया आहेत.

आपल्या गावच्या पंचायतीत, नगरपालिकेत, शाळा समितीत, मशिदीच्या आणि मदरशाच्या कमिट्यांत रोज ठराव होत असतात. त्यांची इतिवृत्ते दप्तरात पडून आहेत. त्यांतही कुणाचा रस्ता आहे, कुणाची जमीन आहे, कुणा लिडियाची थांबलेली शाळा आहे. ती वही उघडून बसणारी एखादी मुलगी आपल्यातही असेल. तिला बसायला थोडी जागा आणि थोडा वेळ देणे, एवढे काम आपल्या हातचे आहे.